श्रीपादरावांच्या कानातला फोन

श्रीपाद खांबेटे यांनी स्वतःच्या गच्छंतीला स्वतःच अनुमोदन दिलं. तेही उभं राहून, हात वर करून, खणखणीत आवाजात.

रहाटणीच्या नीलांबरी सोसायटीची ती वार्षिक सभा होती, जवळच्या शाळेच्या सभागृहात भरलेली. श्रीपादराव आठ वर्षं सोसायटीचे सचिव. अध्यक्ष उद्धवराव हे मूळचे गावठाणातले, मोठ्या मनाचे, पण सभेत बोलताना मान खाली घालून बोलायची त्यांना सवय. त्या दिवशी तर त्यांची मान जास्तच खाली होती. श्रीपादरावांच्या कानापर्यंत त्यातलं "लई वर्सं झाली", "आता बदलायलाच पायजे" आणि "कुनाची हरकत?" एवढंच पोचलं. विषयपत्रिकेवर चौथा विषय गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा होता आणि ती टाकी बदलावी हे श्रीपादरावांचं फार जुनं मत होतं. ते उठले आणि म्हणाले, "माझा पूर्ण पाठिंबा आहे. खरं तर हे दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं."

सगळ्यांच्या माना एकदम त्यांच्याकडे वळल्या. मग मागून कोणीतरी टाळी वाजवली, आणि टाळ्यांची लाटच आली. टाकीसाठी लोक एवढ्या टाळ्या वाजवतात याचं श्रीपादरावांना समाधान वाटलं. उद्धवरावांनी डोळे पुसत त्यांच्या गळ्यात हार घातला, तेव्हा मात्र त्यांना जरा शंका आली. घरी येताना बायकोने, सुमेधाताईंनी, त्यांना सगळं समजावून सांगितलं. तीनदा सांगावं लागलं, कारण रस्त्यावर रिक्षा होत्या.

श्रीपादरावांनी चाकणच्या एका कंपनीत प्रेस शॉपमध्ये चौतीस वर्षं काढली होती. पत्र्यावर धाडकन पडणारी ती अजस्र यंत्रं, आणि हे त्यांच्या शेजारी उभे राहून एकेक नग तपासणार. अशा माणसाचे कान शाबूत राहिले असते तरच नवल. पण श्रीपादरावांचा सिद्धांत वेगळा होता. त्यांचे कान उत्तम होते, लोकांच्या बोलण्याची क्वालिटी उतरली होती. माणसं हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात, असं ते म्हणत. सुमेधाताईंनी चिंचवडच्या शाळेत तीस वर्षं शिकवलं होतं आणि त्यांचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत सहज जाई. त्यांनाही श्रीपादराव गेली कित्येक वर्षं सांगत आले होते की, तू पुटपुटतेस.

सभेनंतर तो सिद्धांत टिकवणं त्यांना जड जाऊ लागलं. आठवडाभर ते घराबाहेर पडले नाहीत. मग एके दिवशी त्यांनी कानाचं यंत्र घ्यायचं ठरवलं, आणि ते कोणाला कळू द्यायचं नाही हेही ठरवलं. विशेषतः सुमेधाला. यंत्र लावलं म्हणजे इतकी वर्षं ती पुटपुटत नव्हती हे आपोआपच सिद्ध होतं, आणि एवढी मोठी माघार एका दिवसात घेण्याची त्यांची तयारी नव्हती.

चिंचवड स्टेशनजवळच्या दवाखान्यात योगिनी नावाची तरुण, हुशार श्रवणतज्ज्ञ होती. तिने त्यांना काचेच्या खोलीत बसवून तपासलं, आलेख काढून दाखवला. आलेख एखाद्या घाटासारखा उतरत गेला होता. तिने शेंगदाण्याएवढी दोन यंत्रं काढली. कानामागे बसणारी, केसांत झाकून जाणारी. आता ती फोनला जोडायला हवीत, म्हणजे आवाज कमी-जास्त करता येईल, असं ती म्हणाली. श्रीपादरावांनी आपला फोन दिला. तो इतका जुना निघाला की त्यात त्यासाठी लागणारं ॲप शिरेना. त्यांच्या दुसऱ्या खिशात सुमेधाताईंचा नवा फोन होता. त्याची काच तडकली होती आणि ती बदलून आणण्याच्या निमित्तानेच ते घराबाहेर पडले होते. जोडणी ही गॅसच्या जोडणीसारखी एकदा करून विसरून जायची गोष्ट असते, अशी त्यांची समजूत. त्यांनी तो फोन पुढे केला. योगिनीने बटणं दाबली, कानात टिंग असा आवाज आला.

"झालं काका. आता हा फोन आणि तुमचे कान एकमेकांना ओळखतात," ती म्हणाली. "फोन दहा मीटरच्या आत असला की आपोआप जोडले जातील."

श्रीपादरावांनी तिचे आभार मानले. या वाक्याचा अर्थ त्यांना दोन दिवसांनी कळला.

ते पहिले दोन दिवस मात्र, सुमेधाताईंचा फोन काच बसवायला दुकानातच होता तोवर, मोठे सुखाचे होते. वर्तमानपत्राचं पान उलटताना आवाज होतो हे ते विसरून गेले होते. आमटी उकळताना बोलते. चौथ्या मजल्यावरच्या त्यांच्या बाल्कनीत चिमण्या येत होत्या, बहुधा आधीपासूनच येत असाव्यात. सुमेधाताई स्वयंपाक करताना गुणगुणतात, हे ऐकून तर ते दाराशी थबकून उभेच राहिले. ही कधीपासून गाते, हे विचारायची सोय नव्हती.

तिसऱ्या दिवशी ते बाल्कनीत बसले असताना त्यांच्या डोक्यात घंटा वाजली. बाहेर कुठे नाही, थेट डोक्यात. आणि पाठोपाठ त्यांची मेहुणी विजयश्री, जी दिघीला राहते, ती त्यांच्या दोन्ही कानांच्या मधोमध येऊन म्हणाली, "ताई, अळूच्या वड्या पोचल्या का गं?"

श्रीपादराव खुर्चीतून उठले. आत सुमेधाताई फोन कानाला लावून "हॅलो, हॅलो" करत होत्या. त्यांना काही ऐकू येत नव्हतं. विजयश्रीला मात्र ताईचं नीट ऐकू जात होतं. "मला येतंय ऐकू तुझं. तुझाच फोन बिघडलाय. भावोजींना सांग बघायला, तसेही ते आता रिकामेच असतात ना," असं ती श्रीपादरावांना म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

याच वेळी त्यांनी खरं सांगून टाकलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण "रिकामेच असतात" हे शब्द त्यांना लागले होते, आणि रागावलेल्या माणसाला कबुली देणं जमत नाही. फोन एकदा हाताशी आला की योगिनीकडे नेऊन गुपचूप सोडवून आणू, असं त्यांनी ठरवलं. पण नवी काच बसल्यापासून सुमेधाताई फोन जिवापाड जपू लागल्या होत्या. आंघोळीलाही तो न्हाणीघराबाहेरच्या स्टुलावर ठेवून जात. सकाळी त्या फोनवर योगासनं बघत. त्या बिनआवाजाचीच बघून करत आणि इकडे दाढी करणाऱ्या श्रीपादरावांच्या कानात एक बाई गंभीर स्वरात म्हणे, "आता डावा पाय हळूहळू मानेकडे आणा." त्या आठवड्यात त्यांची हनुवटी दोनदा कापली.

खालच्या मजल्यावरच्या ज्ञानेशला बोलावण्यात आलं. ज्ञानेश परभणीचा, चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत इंजिनिअर. सोसायटीत काहीही बिघडलं की त्यालाच हाक मारत. त्याने फोन बघितला आणि स्पीकरवर टाकला, तर आवाज व्यवस्थित आला. "काकू, कानाजवळचा बारका स्पीकर गेलाय बघा. मी करून आणतो की," असं म्हणून तो फोन दुकानात घेऊन गेला. दुकानात फोन उत्तम चालला. जिन्यातही चालला. घरात श्रीपादरावांसमोर आणला की मुका. सुमेधाताईंना सगळं बोलणं स्पीकरवर टाकून चारचौघांना ऐकवायला आवडत नसे. त्या फोन आला की खाली पार्किंगमध्ये जाऊन बोलू लागल्या. चार मजले खाली गेल्यावर जोड तुटे आणि फोन पुन्हा बोलू लागे.

मग सल्ले सुरू झाले. पहिल्या मजल्यावरच्या जयमालाबाईंचं म्हणणं, फोन आग्नेयेला ठेवता म्हणून. कोणी म्हणालं सिमकार्ड मिठाने पुसा. उद्धवरावांनी मात्र बारकाईने चौकशी केली, आणि सायेब घरात नसले की फोन चालतो, ही गोष्ट त्यांच्याच लक्षात आली. त्यांनी श्रीपादरावांकडे आपुलकीने बघितलं आणि निदान सांगितलं. चौतीस वर्षं माणूस लोखंडात उभा राहिला, तर त्याच्या अंगात लोहचुंबक मुरणारच. त्यांच्या एका मामांना असंच झालं होतं, त्यांचं घड्याळ नेहमी मागे पडे.

एरवी असल्या विधानाचा श्रीपादरावांनी शास्त्रशुद्ध समाचार घेतला असता. पण या वेळी त्यांनी गंभीरपणे मान डोलावली आणि, शक्यता नाकारता येत नाही, असं सांगितलं. आयुष्यभर गुणवत्ता तपासणाऱ्या माणसाला हे बोलताना काय वाटलं असेल, ते ज्याचं त्याला ठाऊक.

तरीही खबरदारी म्हणून मोबाइल कंपनीकडे तक्रार करावी असं ठरलं, आणि अर्ज कोण लिहिणार म्हटल्यावर सगळ्यांच्या नजरा माजी सचिवांकडे वळल्या. सभेनंतर पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्याकडे काम घेऊन आलं होतं. श्रीपादरावांना मोह आवरला नाही. त्यांनी दोन दिवस बसून तीन पानी अर्ज लिहिला. "सदर दूरध्वनी संच ग्राहकाच्या निवासस्थानी ध्वनी निर्माण करण्यास असमर्थ ठरत असून, सदर ध्वनी नेमका कोठे जातो याचा आपणांकडून तातडीने शोध घेण्यात यावा," असं त्यात होतं. आवाज कुठे जातो हे भूतलावर फक्त अर्जदाराला ठाऊक होतं. उद्धवरावांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि सही केली.

अर्जाचा परिणाम असा झाला की कंपनीने खरोखरच माणूस पाठवला. त्याने मीटर धरून घरभर रेंज मोजली. रेंज भरपूर होती. मग त्याने जाता जाता विचारलं की, ब्लूटूथला काही जोडलंय का. श्रीपादरावांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. त्यांच्या आधी सुमेधाताईच हसून म्हणाल्या, "आमच्याकडे असलं काही नाही हो. यांना तर असल्या यंत्रांचा तिटकारा आहे." माणसाने त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला, कागदावर "दोष आढळला नाही" असं लिहिलं आणि तो गेला.

फोनमध्ये दोष नाही, रेंजमध्ये दोष नाही. सुमेधाताई फोन मांडीवर ठेवून सोफ्यावर बसल्या. मग म्हणाल्या, "माझेच कान तर गेले नसतील?"

श्रीपादरावांनी नाही म्हणायला हवं होतं. पण त्यांच्या तोंडून निघालं, "वयाप्रमाणे होतं कधी कधी. दाखवून घे."

हे वाक्य आपल्या यंत्रातून आपल्यालाच स्वच्छ ऐकू आलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुमेधाताईंनी कान तपासायला मंगळवारची वेळ घेतली. त्या दिवसापासून स्वयंपाकघरातलं गुणगुणणं बंद झालं. कानांवर विश्वास राहिला नाही की माणूस सुरात गाऊ शकत नसावा. श्रीपादराव दाराशी जाऊन कान देत, पण आतून फक्त भांड्यांचा आवाज येई. एवढी महागाची यंत्रं लावून त्यांनी एवढंच मिळवलं होतं.

सोमवारी दुपारी चार वाजता त्यांच्या डोक्यात घंटा वाजली. उद्धवराव होते. आत सुमेधाताईंनी फोन घेतला आणि थकल्या आवाजात, काही ऐकू येत नाही, मी संध्याकाळी खाली येऊन बोलते, असं सांगितलं. पण उद्धवराव एकदा सुरू झाले की थांबत नसत.

"आवाज येत नसंल तरी ऐका, वैनी," ते म्हणाले. "सायबांनी येवढा झ्याक अर्ज लिवला, तवापासनं माझं मन खातंय. तुमीच म्हनला म्हनून त्यांना मोकळं केलं. तानुकाकी लिफ्टात अडकली आनि सायबांनी फोन उचलला न्हाई, ही गोष्ट त्यांना कळली तर ते खचतील म्हनला हुता. आमी आजवर कळू दिली न्हाई. काकी अजून लिफ्टात पाय ठिवत न्हाई, त्ये ऱ्हाऊ द्या. पर सायबांना परत घ्यावं का, येवढं सांगा."

फोन बंद झाला. श्रीपादराव बाल्कनीचा कठडा धरून उभे राहिले.

तानुबाई म्हणजे उद्धवरावांची विधवा चुलती, तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी. त्यांना तो दिवस आठवला. मार्गशीर्षातला गुरुवार. सुमेधा दिघीला गेली होती. दुपारी वीज गेली होती. ते वर्तमानपत्र वाचत बसले होते आणि फोन समोर टीपॉयवर होता. संध्याकाळी पाहिलं तर अनोळखी नंबरावरून तेवीस मिस्ड कॉल. कर्ज विकणाऱ्यांचा त्रास हल्ली फार वाढला आहे, असं म्हणून त्यांनी सोसायटीच्या ग्रुपवर रहिवाशांना सावध करणारी सविस्तर सूचनाही टाकली होती. त्या सूचनेवर सगळ्यांनी फक्त हात जोडले होते. लिफ्टमध्ये, अडचण आल्यास संपर्क, म्हणून त्यांचाच नंबर लावलेला होता. तो त्यांनीच लॅमिनेट करून लावला होता.

आणि नंतर तानुबाई जिन्यात भेटत, दर मजल्यावर कठडा धरून थांबत, तेव्हा ते त्यांचं कौतुक करत. या वयात जिना चढतात, बघा, शिका काही, असं ते तरुण पोरांना सांगत. तानुबाई नुसत्या हसत.

श्रीपादरावांनी कठडा सोडला. सुमेधावर रागवावं असं त्यांना वाटून गेलं, पण राग यायला तयार नव्हता. साऱ्या सोसायटीने मिळून त्यांना एका गोष्टीपासून वाचवलं होतं, आणि हार घालून वाचवलं होतं. त्यांनी मात्र सुमेधाला एका दुखण्याच्या भीतीत लोटलं होतं.

समोर जाऊन बोलायचा धीर होईना. म्हणून ते निजायच्या खोलीत गेले, दार लोटून घेतलं, आणि आपल्या जुन्या फोनवरून बायकोला फोन लावला. आपला आवाज कुठे जाणार, हे त्या घाईत त्यांच्या लक्षातच आलं नाही. बाहेर तिने उचललेला त्यांना कळला.

"सुमेधा, मी बोलतोय," ते म्हणाले. "माझं चुकलं."

क्षणभराने त्यांच्याच दोन्ही कानांत एक म्हातारा, कोरडा आवाज म्हणाला, "सुमेधा, मी बोलतोय. माझं चुकलं." त्यांचाच आवाज होता. तिच्या फोनमधून त्यांच्याकडेच परत आला होता. सूर असा, जणू कोणी तक्रार नोंदवतंय. बाहेरून सुमेधाताई म्हणत होत्या, "हॅलो? कोण बोलतंय? मला ऐकू येत नाही हो."

श्रीपादरावांनी फोन बंद केला. दार उघडून ते बाहेर आले, तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले, दोन्ही कानांमागून यंत्रं काढली आणि तिच्या हातावर ठेवली.

"तुझे कान ठणठणीत आहेत," ते म्हणाले. "तुझे सगळे फोन यात येतात. माझ्याकडे. आजचा उद्धवरावांचाही आला."

सुमेधाताईंनी त्या दोन शेंगदाण्यांकडे बघितलं, मग नवऱ्याकडे. त्यांचे ओठ हलू लागले. त्या बराच वेळ हलक्या आवाजात बोलत होत्या. आधी कपाळाला आठ्या होत्या, मग डोळ्यांत पाणी आलं, मध्येच त्या हसल्याही. श्रीपादरावांना त्यातला एकही शब्द ऐकू येत नव्हता. त्यांनी मान डोलावली नाही. त्या थांबेपर्यंत वाट बघितली आणि म्हणाले, "मला काही ऐकू आलं नाही. ती दे, आणि पहिल्यापासून सांग."

त्यांनी दिली. पहिल्यापासून सांगितलं. त्यात "पुटपुटतेस" हा शब्द पाच वेळा आला आणि श्रीपादरावांनी पाचही वेळा ऐकून घेतला. मंगळवारी ते दोघं मिळून योगिनीकडे गेले आणि तिने दहा सेकंदांत जोड सोडवून दिला. उद्धवरावांना त्यांनी सांगितलं की, सचिवपद नको, फक्त लिफ्टमधला तो नंबर बदलून घ्या.

बुधवारी सकाळी ते दूध घेऊन येताना तानुबाई खाली जिन्याशी उभ्या होत्या. हातात मेथीची जुडी. श्रीपादराव त्यांच्यासमोर जाऊन थांबले. काय बोलायचं ते त्यांनी रात्री ठरवून ठेवलं होतं, त्यातलं काहीच आठवेना.

"तानुबाई, त्या दिवशी तुमचा फोन मला ऐकूच आला नाही," ते म्हणाले. "मला कमी ऐकू येतं. पुष्कळ वर्षं झाली."

तानुबाईंनी त्यांच्या कानामागच्या यंत्राकडे निरखून बघितलं. "बरं क्येलं लावलं त्ये," त्या म्हणाल्या.

"चला, लिफ्टने जाऊ. मी बरोबर आहे."

"न्हाई बाबा. तुमी जावा. मी येते आपली जिन्यानं."

श्रीपादरावांनी त्यांच्या हातातली जुडी घेतली आणि ते त्यांच्याबरोबर जिना चढू लागले. पहिल्या मजल्यावर तानुबाई दम खायला थांबल्या. मग आपणहून सांगू लागल्या. किती अंधार होता, किती उकडत होतं, ज्ञानेश कामावरून आला तोवर दार किती वेळा वाजवलं, मेलेल्या नवऱ्याला कशी हाक मारली. त्यांचा आवाज बारीक होता, श्वासागणिक तुटत होता. श्रीपादराव एक पायरी खाली, मान त्यांच्याकडे करून चढत होते. त्या थांबल्या की तेही थांबत. तिसऱ्या मजल्यापर्यंत चोपन्न पायऱ्या होत्या, आणि त्या सगळ्या त्यांनी ऐकून घेतल्या.